होडी घ्यायची तर आधी उलटी करून बघा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावानं मला बोलावणं धाडलं. गावाला पुरासाठी होडी घ्यायची होती. वर्गणी जमली होती, थोडे पैसे मुंबईकर मंडळींनी पाठवले होते, आणि दोन-तीन व्यापाऱ्यांची रंगीत पत्रकं देवळाच्या कट्ट्यावर दगडाखाली दाबून ठेवली होती. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, तरुणपणी सांगलीच्या घाटावर होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलं, पुढे ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेत खळाळत्या पाण्यातली होडी चालवायला शिकलो. एवढ्या भांडवलावर गाव मला जाणकार समजतं.

पहिला प्रश्न आला तो असा, ‘‘मास्तर, इंजान किती हार्सपावरचं घ्यावं?’’

मी म्हटलं, ‘‘ते नंतर. आधी सांगा, होडी पाण्यानं भरली तर काय होईल?’’

एक आप्पा हसले. म्हणाले, ‘‘आवो मास्तर, बुडवायला का घ्यायचीया?’’

सगळा कट्टा हसला. मीही हसलो. पण श्रोतेहो, आज मला जे सांगायचं आहे ते त्या हसण्यातच आहे. संथ पाण्यातली होडी निवडताना ती कशी चालते हे बघायचं असतं. जोरात वाहणाऱ्या पाण्यातली होडी निवडताना ती भरल्यावर आणि उलटल्यावर कशी वागते हे आधी बघायचं असतं. कारण तिथं होडी भरणं हा अपघात नाही, तो कामाचा भाग आहे. लाटा आत येणार, धार बाजूवर आदळणार, एखाद वेळी सगळं उलटंपालटं होणार. हे धरूनच जी बांधली आणि सजवली, तीच त्या पाण्याची होडी.

हे शहाणपण मला शिकवलं ते कनू नावाच्या होडीनं. कनू म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हलकी, दोन्हीकडून निमुळती, वरून उघडी होडी. भूर्ज झाडाच्या सालीची असे. हलकी का, तर नदीत जिथं पाणी फारच उसळतं तिथं उतरायचं, होडी खांद्यावर घ्यायची आणि काठानं चालत पुढं जायचं. चालवणारा गुडघ्यावर बसतो आणि एका पात्याचं वल्हं मारतो. कयाक वेगळी, ती वरून झाकलेली असते, पाय लांब करून बसायचं आणि दोन पात्यांचं वल्हं फिरवायचं. ऑलिम्पिकमध्ये खळाळत्या पाण्यातली ही स्पर्धा पहिल्यांदा झाली १९७२ च्या म्युनिक खेळांच्या वेळी. आपल्या देशातही होते. २०२३ मध्ये खेलो इंडियाच्या वेळी ती नर्मदेत महेश्वरला सहस्रधारेत झाली. अहिल्याबाईंच्या महेश्वरात, बरं का! आपल्या राज्यात असं पाणी अनुभवायचं तर कोलाडला कुंडलिका नदी आहे. तिथं वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी येतं, आणि त्या वेळा पाहून रबरी तराफे निघतात.

आता तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीत कुठलं आलंय खळाळतं पाणी? खरं आहे. कृष्णा महाबळेश्वरात साडेचार हजार फुटांवर निघते आणि सांगलीत अठराशे फुटांवर येते, पण या उताराचा मोठा वाटा वाईपर्यंतच संपतो. खाली ती शांत बाई आहे. बंधाऱ्यांनी अडवलेली, उन्हाळ्यात तर जवळजवळ तळ्यासारखी. बहे-बोरगावला रामलिंग बेटापाशी, जिथं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे, तिथं खडकांतून पाणी फुटतं. एरवी खडक असे कमीच.

पण पुरात? २००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या आसपास गेलं. २०१९ ला ५७ फुटांच्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नास ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या दिवसांत पात्रात आणि गल्लीत जे पाणी धावतं, त्याच्यात आणि डोंगरातल्या नदीत फार फरक राहत नाही. उलट आपलं पाणी जास्त कपटी. डोंगरातला खडक दिसतो, निदान त्याच्यावरचा फेस दिसतो. आपल्याकडं पाण्याखाली काय असतं? कुंपणाची भिंत. विजेची डीपी. उभा ऊस. आणि पलूस-भिलवडीच्या बाजूला द्राक्षबागांचे मांडव, त्यांच्या तारा ताणलेल्याच. वरून पाणी सपाट, गढूळ, आणि आत जाळं लावून ठेवलेलं.

पाणी होडीला ढकलतं तो जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दोन घनमीटर पाणी मावेल एवढी होडी भरली, तर तिच्यात दोन टन पाणी बसलं. अशी होडी आडवी होऊन झाडाला टेकली, तर दहा पैलवान तिला हलवू शकत नाहीत. म्हणून खळाळत्या पाण्यातला कनूवाला पहिलं काम काय करतो? होडीत पाण्याला जागाच ठेवत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकात हवेच्या मोठाल्या पिशव्या कोंबतो, वरून दोरीची जाळी विणतो, आणि मधे स्वतःपुरती जागा ठेवतो. होडी उलटली तरी तिच्यात पाणी शिरतं ते मधल्या तेवढ्या जागेत. ती उंच तरंगते, ओढून काठाला लावता येते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. वाळके भोपळे एकत्र बांधून आपली माणसं नदी ओलांडत, त्याला सांगड म्हणत. दोन गोष्टींची सांगड घालणं हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पण तो पाण्यावरून आला हे ध्यानात राहत नाही. पाठीला भोपळा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधून आमची पिढी विहिरीत पोहायला शिकली. बंद केलेली हवा बुडत नाही, हे त्या डब्यानं शिकवलं होतं.

याच्या उलट काहील. गुऱ्हाळावरची ती भली मोठी कढई. पूर आला की आमच्या वडिलांच्या पिढीत लोक काहिलीत बसून पलीकडं जात. धाडसाला सलाम, पण होडी म्हणून काहील कशी? गोल, त्यामुळं तिला नाक नाही, भोवऱ्यासारखी गरगरते. आणि लोखंडाची. कडेवरून एकदा पाणी आत आलं की सरळ तळाला. मधे थांबायचं ठिकाण नाही.

आजच्या पत्र्याच्या नावा आणि फायबरच्या बोटी, दिसायला कितीही झकपक असल्या, तरी या एका बाबतीत काहिलीच्याच बहिणी आहेत. जुनी लाकडी नाव भरली तरी काठोकाठ का होईना, तरंगत राही, लाकूडच ते. फायबर मात्र पाण्यापेक्षा जड. त्याच्या आत बंद हवा किंवा फोम नसेल तर ते बुडतंच. म्हणून दुकानदाराला विचारा, ‘‘पोकळ्या कुठं आहेत? झाकणं बंद होतात का? फोम कुठला भरलाय?’’ गादीतल्यासारखा पाणी पिणारा फोम असेल तर तो दोन वर्षांत ओझं होतो. पाणी न शोषणारा पाहिजे.

आणि आधीच घेतलेली होडी असेल तर? घाबरू नका. पोकळ्या घालता येतात. दोनशे लिटरचा निळा ड्रम, झाकण घट्ट असेल तर, पाण्याखाली गेल्यावर जवळजवळ दोनशे किलो वजन उचलतो. तो मावत नसेल तर पन्नास लिटरचे कॅन बसायच्या फळ्यांखाली बसवा, दोन्ही टोकांना सारखे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब होडीच्या टोकात भरून वरून दोरीची जाळी विणली, की परदेशी हवेच्या पिशवीचं काम करते. मात्र दोन गोष्टी. एक, ट्यूब उन्हात टम्म भरू नका. हवा तापून फुगते आणि ट्यूब फुटते. दुसरी, हे कॅन नुसते ठेवायचे नाहीत, सुतळीनं बांधायचे नाहीत. होडी भरेल त्या क्षणी ते दोनशे किलोच्या जोरानं वर झेपावणार आहेत. ट्रकच्या मालाला बांधतात तसल्या पट्ट्यांनी होडीच्या अंगाला आवळा. पट्टा तुटला तर कॅन एकटेच मिरजेला जातील आणि होडी राहील तळाशी.

हिशेब एवढाच ठेवायचा की होडीचं स्वतःचं वजन आणि इंजिनाचं वजन या पोकळ्यांनी पेललं पाहिजे, आणि वर काठाला धरून लोंबकळणाऱ्या माणसांना पुरेल इतकं उरलं पाहिजे. माणूस पाण्यात असताना त्याचं वजन फार भरत नाही. त्याला धरायला काहीतरी हवं असतं.

आता आकार. शर्यतीच्या आमच्या होड्या लांब, अरुंद, तळ सरळ. वल्हं एका तालात पडलं की बाणासारखी सुटते. पण वळत नाही. खळाळत्या पाण्यातली कनू आखूड असते आणि तिचा तळ पाळण्याच्या पट्टीसारखा दोन्ही टोकांना वर उचललेला. एका वल्ह्यात गर्रकन फिरते. तिला सरळ ठेवणं मात्र जिकिरीचं. नवख्याच्या हातात ती नुसती नाचते. गावाच्या होडीला हे दोन्ही टोकाचं नको. टोकं थोडी उचललेली, तळ बेताचा गोलसर. सपाट तळाची होडी परातीसारखी असते. काठाला उभी असताना वाटतं, किती स्थिर! गावकरी नेमके तिच्यावरच भाळतात. पण ती एका मर्यादेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम उलटते. गोलसर तळाची आधी डुगडुगते, भीती घालते, पण कलल्यावर धरून राहते. कोकणातली उलांडीची होडी मला कुणी सुचवली होती. समुद्रात ती उत्तम. पण झाडांतून, घरांतून जायचं तर बाजूला निघालेली ती उलांडी पहिल्याच लिंबाच्या झाडात अडकेल.

२००५ चा माझा स्वतःचा किस्सा सांगतो. अभिमानाचा नाही. आम्ही चौघांनी शर्यतीची होडी काढली आणि वस्तीवर दूध पोचवायला निघालो. घाटावर रोज वल्हवणारी माणसं, त्यामुळं रग होती. गल्लीच्या तोंडाशी पाणी कोपऱ्यावरून वळत होतं. लांब होडी वळली नाही, आडवी झाली आणि एका कुंपणाच्या खांबाला बरोबर मध्यावर टेकली. आता अशा वेळी माणूस काय करतो? खांबापासून लांब झुकतो. आम्ही चौघंही झुकलो. त्याबरोबर वरच्या अंगाचा काठ खाली गेला, पाणी आत घुसलं, आणि दोन श्वासांत होडी भरली. लाकडाची असूनही पाण्याच्या जोरानं ती खांबाभोवती वाकली आणि मोडली. दूध गेलं, वल्ही गेली. आम्ही कुंपण धरून तास-दीड तास उभे. शेजारच्या गच्चीवरून एका आजीनं लुगडं सोडलं, ते धरून वर आलो.

पुढं कळलं की याचा नियम साधा आहे. अडथळ्याला आडवे लागलात, तर अडथळ्याकडं झुका. झाडाला, खांबाला अक्षरशः मिठी मारा. वरच्या बाजूचा काठ उचलला जातो आणि पाणी खालून निघून जातं. मन उलटं सांगतं, म्हणून याचा सराव शांत पाण्यात करून अंगात मुरवायचा.

आणखी एक, बसायचं कुठं? कनूवाला गुडघ्यावर बसतो, मांड्यांवर पट्टे घेतो. गुडघ्याखाली जाड फोम. त्यामुळं वजन खाली राहतं, आणि होडी त्याच्या कमरेला जोडल्यासारखी हलते. मात्र पट्टे असे, की एका झटक्यात पाय बाहेर निघाला पाहिजे. गावाच्या होडीत लोकांना पट्टे नकोतच. पण फळीवर उंच बसवण्यापेक्षा तळाला बसवा. आपल्याकडची सवय काय? होडीत उभं राहून गावाकडं वळून बघायचं, हात करायचा. माझं काळीज तिथं थांबतं.

आता ब्रह्मनाळबद्दल बोलायला हवं. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं, पलूस तालुक्यातलं गाव. ८ ऑगस्ट २०१९. पुरातून बाहेर निघालेल्या गावकऱ्यांना घेऊन जाणारी बोट उलटली आणि सतरा जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. बोटीत तिला झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती, हे तेव्हा सगळ्याच वर्तमानपत्रांत आलं. त्यावर दूर बसून बोलणारे पुष्कळ होते, ‘‘एवढी कशाला बसली?’’ ज्यानं चार दिवस पाणी चढताना पाहिलंय, अंधार, लाईट नाही, फोन बंद, कडेवर लेकरू आहे, त्याला पुढची फेरी येईल याचा भरवसा कोण देणार? माणसं बोटीत कोंबून बसतात ती मूर्खपणानं नव्हे. पुढची फेरी येणारच, हे त्यांना कधी दिसलेलं नसतं म्हणून.

म्हणून मी त्या गावाला सांगितलं, एक मोठी बोट घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक जाताना दुसरी येताना दिसली पाहिजे. समोरून येणारी रिकामी होडी दिसली, की काठावरची गर्दी आपोआप दमानं घेते. आणि माणसं किती, हे पुराच्या दिवशी ठरवायचं नसतं. वैशाखात ठरवायचं. शांत पाण्यात होडी घाला, इंजिनासकट, तेलाच्या कॅनसकट. एकेक माणूस बसवत जा. पाण्यापासून होडीचा काठ दीड वीत वर राहील तिथं थांबा. ती माणसं मोजा. त्यातून दोन कमी करा, कारण पुरात लोक गाठोडं घेऊन येतात. तो आकडा होडीच्या दोन्ही अंगांना हातभर मोठ्या अक्षरात रंगवा. आणि जिथं पाणी लागलं होतं तिथं लाल रेघ मारा. रेघ बुडाली की होडी सुटणार नाही.

आकडा पाळायचा कुणी? इथं मी गावाशी भांडलो. सरपंचांनी नाही, कारण त्यांना मतं मागायची असतात. नावाड्यानंही नाही, कारण त्याची मावशी रांगेत उभी असते. शेजारच्या गावचा एक माणूस उभा करा, ज्याला इथल्या कुणाशी नातं नाही. त्यानं मोजायचं आणि त्यानंच ‘निघा’ म्हणायचं. एक तात्या म्हणाले, ‘‘त्यो परका आमाला आडवणार?’’ म्हटलं, ‘‘हो. तुम्ही त्यांच्या गावात जाऊन त्यांना अडवा.’’ हे मात्र पटलं.

जॅकेटबद्दल थोडं खोलात जातो, कारण इथं पैसे वाचवले जातात. जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवर न्यूटनमध्ये आकडा असतो. पन्नासचं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असतं. कनूवाले तसलंच घालतात, कारण हात मोकळे राहतात. ज्याला पोहता येत नाही, जो पाण्यात पडताच गांगरेल, त्याला शंभर किंवा वरचं लागतं. त्याला कॉलर असते आणि ते तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करतं. म्हणजे वल्हवणाऱ्याला पन्नासचं आणि आजीला शंभरचं, असा हिशेब. आमच्याकडं बरोबर उलटं होतं. चांगलं जॅकेट नावाडी घालतो. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घातलं तर मूल खालून निसटतं आणि जॅकेट वर तरंगत राहतं. मुलांची मापं वेगळी घ्या, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा बघून घ्या. खांद्याला धरून जॅकेट वर ओढायचं. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे. साडीच्या पदरावरून नव्हे, पदर आत खोचून जॅकेट घालायचं, हे सांगणारी बाईमाणसं आधीच शिकवून ठेवा. मी सांगितलेलं बायका ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

दोरी. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक लांब दोरी, तरंगणारी, प्लास्टिकची. सुती दोरी बुडते आणि इंजिनाच्या पंख्यात जाते. होडीच्या बाहेरून सगळीकडं एक दोरी अशी फिरवा, की पाण्यातल्या माणसाला कुठूनही हाताला लागेल. शिवाय एक फेकायची दोरी, पंधरा-वीस मीटरची, पिशवीत घडी न घालता नुसती कोंबलेली. पिशवी फेकली की दोरी आपोआप सुटत जाते. घडी घालून ठेवली की हमखास गुंता. पाण्यातल्या माणसानं ती छातीशी धरायची, हाताला गुंडाळायची नाही. आणि नदीवर कुणीही, कधीही, कमरेला दोरी बांधून वाहत्या पाण्यात उतरू नये. आपल्याकडं हे शौर्याचं लक्षण मानतात. धार त्या दोरीच्या टोकावर माणसाला खाली दाबून धरते; काठावरचे ओढत राहतात आणि ओढण्यानंच तो बुडतो. बरोबर एक धारदार सुरी हवी, ती याच दोऱ्या कापायला. शिट्टी हवी, इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही.

आणि इंजिन असलं तरी वल्ही हवीत. होडीत बांधलेली, एक जास्तीची. उसाचा पाला, साड्या, तारा, काय वाटेल ते पंख्यात अडकतं. इंजिन बंद पडलं की वल्ही नसलेली होडी म्हणजे पुन्हा काहीलच. पंख्याभोवती जाळी बसवून घ्या. थोडा वेग जातो, पण पाण्यात पडलेल्या माणसाचे पाय राहतात.

रबरी बोटींची चौकशी बऱ्याच गावांनी केली. पुरात बचावपथकं त्याच आणतात. त्यांच्यात हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फुटला तरी बाकीचे धरतात. कोलाडच्या तराफ्यांचा तळ दोरीनं विणलेला असतो, आत आलेलं पाणी कडेनं आपोआप निघून जातं. फारच छान. पण मांडवाची तार आणि तुटलेला पत्रा हे रबराचे वैरी. आणि खरा वैरी म्हणजे दहा महिने ऊन आणि उंदीर. एका गावात मी बोट उघडून दाखवा म्हटलं, तर आतून उंदरांची चार पिलं निघाली. जॅकेटांच्या फोमची तर छान गादी झाली होती. गावाला सांभाळायची शिस्त असेल तर रबरी घ्या, नसेल तर पोकळ्यांची फायबर बरी.

आता बंधारे. म्हैसाळ, सांगली, डिग्रज, वर बहे, कराडजवळ खोडशी, जागोजागी आहेत. ऐन पुरात पाणी फार चढलं की बंधारा पूर्ण बुडतो. पूर चढताना आणि ओसरताना मात्र तो सगळ्यात घातक. वरून येणाऱ्याला दिसते फक्त एक सरळ रेघ. तिच्यावरून पाणी खाली कोसळतं, तळाला जातं आणि वरच्या थरात पुन्हा भिंतीकडं फिरतं. तिथं सापडलेली होडी, ओंडका, माणूस, जे असेल ते भिंतीपाशी गोल गोल फिरत राहतं. फेसात हवा असल्यानं तिथं धड तरंगताही येत नाही. यातून काढायला कुठलीही सजावट उपयोगाची नाही. बंधाऱ्याच्या बरंच वर काठाला लागायचं आणि होडी उचलून खाली न्यायची. इथं त्या भूर्जाच्या सालीच्या होडीची आठवण ठेवायची.

एक गोष्ट मात्र आपल्या जुन्या नावाड्यांकडूनच शिकावी. अंबी मंडळी नाव पलीकडं न्यायची तर आधी काठाकाठानं वर जात, मग नावेचं तोंड वरच्या अंगाला तिरकं धरून पाण्यालाच नाव ढकलू देत. नाव आडवी सरकत पलीकडं लागे. कनूवाले हेच करतात आणि इंग्रजीत त्याला फेरीच म्हणतात! माझ्या शिबिरातल्या गोऱ्या शिक्षकानं दोन दिवस घालवून जे शिकवलं, ते आमच्या घाटावरचा नावाडी विडी ओढता ओढता करायचा. सगळीकडं पूल झाले, नावा गेल्या, आणि ती विद्या म्हाताऱ्यांबरोबर चाललीय. गावात असा कुणी असेल तर त्याला दोन पोरं जोडून द्या, याच पावसाळ्याच्या आधी.

पाण्यात पडलाच तर उताणं व्हायचं, पाय खालच्या दिशेला, पावलं पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाऊल दगडात अडकलं की धार वाकवते. पुढं झाड दिसलं तर मात्र पालथं व्हा, जोरात पोहत जाऊन त्याच्यावर चढा. फांद्यांच्या खाली जाऊ नका. मगरींचं मला प्रत्येक गावात विचारतात. आहेत, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला तर आहेतच. पण पुरात माणूस मरतो तो पाण्यानं, तारेनं आणि घाईनं.

त्या गावाची गोष्ट अर्धी राहिली. त्यांनी दोन होड्या घेतल्या. मी अट घातली होती की नारळ फोडायच्या आधी होडी उलटी करायची. अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी घाटावर सगळं गाव जमलं. आप्पांना हे अपशकुनी वाटत होतं, ते लांब पारावर बसले. आठ पोरांनी जॅकेटं घालून होडी कलती केली, भरली, उलटी पाडली. ती तळ वर करून तरंगली, कॅन जागचे हलले नाहीत. पोरांनी बाहेरची दोरी धरली, एका बाजूला लटकून ती सुलटी केली आणि आत चढली. पहिल्या खेपेला याला वीस मिनिटं लागली. चौथ्या खेपेला सहा.

मग आप्पा उठून घाटावर आले. धोतर खोचलं, जॅकेट मागून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मास्तर, मलाबी बशिवा. आन् पाडा एकदा.’’

होडीच्या अंगावर आकडा रंगवलाय नऊ. आप्पा दहावे होते. शेजारच्या गावच्या पोरानं त्यांना थांबवलं, आणि ते थांबले. दुसरी होडी परत येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.